मदत हवी आहे: द्रवनत्राच्या पात्रातलं तापमान टर्बियम-युरोपियमच्या चमकेवरून मोजायचंय

नमस्कार. मी नाशिकला एमएस्सी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय सिन्नरकडच्या एका पशुवैद्यकांच्या अडचणीतून निघाला. कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा बारीक कांड्यांत भरून द्रवनत्रात (द्रवरूप नायट्रोजनमध्ये) उणे 196 अंश सेल्सियसला (77 केल्विन) ठेवतात. एक कांडी काढायची तर कॅनिस्टर (कांड्या ठेवायचा डबा) पात्राच्या मानेपर्यंत वर घ्यावा लागतो, आणि ती चिमट्यात येईपर्यंत बाकीच्या कांड्याही तिथेच लटकतात. उणे 130 च्या वर गेल्या की आतले बर्फाचे स्फटिक पुन्हा वाढू लागतात आणि शुक्राणू मरतात. परत बुडवून काही भरून निघत नाही. वरून कांडी जशीच्या तशी दिसते. नुकसान कळतं ते गाय उलटल्यावर, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्यावर. शेतकऱ्याचा तोवर अख्खा माज वाया गेलेला असतो.

मानेत कांडी किती वेगाने तापते हे मला मोजायचंय. थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) लावून पाहिलं, पण पाव मिलीची, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची कांडी ती; तारेतूनच तिच्यात उष्णता शिरते. म्हणून रिकाम्या कांडीत पाणी भरून, वर चमकणारा ठिपका लावून लांबून वाचायचं ठरवलं.

युरोपियम या चमकणाऱ्या दुर्मिळ मृदा धातूचं टीटीए (एक लिगँड, म्हणजे धातूला जोडलेला, प्रकाश शोषून त्याला ऊर्जा देणारा सेंद्रिय रेणू) संयुग ॲक्रिलिकच्या पातळ थरात घेतलं. 365 नॅनोमीटरच्या टॉर्चखाली 612 ची लाल चमक सुरेख येते, पण उणे 196 पासून उणे 120 पर्यंत तेजात ओळखू येण्याजोगा फरक नाही. एर्बियमची (त्याच गटातला धातू) 525 आणि 545 ची हिरवी जोडी कागदावरच बाद झाली: दोन ऊर्जा पातळ्यांत साधारण 750 प्रति सेंटिमीटरचं (हे ऊर्जेचं एकक) अंतर, आणि 77 केल्विनला औष्णिक ऊर्जा फक्त 53. वरच्या पातळीत कोणी उरतच नाही.

आता टर्बियम (त्याच गटातला, हिरवा चमकणारा) आणि युरोपियम एकाच थरात घालून हिरवा-लाल गुणोत्तर घ्यावं असं वाटतंय. लिगँड कोणता निवडू? आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भागेल का? स्पेक्ट्रोमीटर पात्राजवळ नेता येत नाही.

प्रतिसाद

विषय फार आवडला. तुमचं युरोपियम स्थिर का, ते आधी. त्याची चमक विझवणारी वाट उघडायला बरीच ऊर्जा लागते. इतक्या थंडीत ती आधीच बंद असते. तुम्हाला कमी ऊर्जेत उघडणारी वाट हवी, आणि ती टर्बियमजवळ आहे. त्याची चमकणारी पातळी साधारण 20,500 प्रति सेंटिमीटरवर. लिगँडची त्रिक पातळी (ट्रिप्लेट, जिथून तो धातूला ऊर्जा देतो) तिच्याहून 1850 पेक्षा कमी उंच असेल, तर खोलीच्या तापमानाला ऊर्जा लिगँडकडे परत गळते आणि चमक मंदावते. तुम्हाला हे 140 केल्विनच्या (उणे 133 अंशांच्या) आसपास घडवायचंय, म्हणजे अंतर त्याहून बरंच कमी हवं. ॲसिटिलॲसिटोन नको, ते 25,000 च्या वर आहे. टीटीए उलट फारच खाली, टर्बियम त्यात नीट पेटतच नाही. मधल्या पातळीचे दोन-तीन लिगँड घेऊन आधी नुसत्या टर्बियमवर चाचणी करा.

कॅमेऱ्याबद्दल: व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक केल्याशिवाय एकही आकडा धरू नका, आणि टॉर्चचा जांभळा उजेड अडवायला भिंगापुढे पिवळी फिल्टर लावा. पण मी तुमच्या जागी असतो तर गुणोत्तर सोडून चमक किती वेळात मावळते ते मोजलं असतं. टर्बियमचा काळ मिलिसेकंदाच्या घरात असतो, त्यामुळे एलईडीचा झटका, फोटोडायोड आणि कॉलेजातला साधा ऑसिलोस्कोप पुरतो. कांडीवर दव गोठून तेज घटलं तरी मावळण्याचा काळ बदलत नाही, आणि पावसाळ्यात नाशिकच्या हवेत तुम्हाला तेच सतावणार आहे. मोबाइलचा स्लो-मोशन इथे चालणार नाही; 240 फ्रेम म्हणजे फ्रेममागे चार मिलिसेकंद.

धागाकर्ता

मनापासून आभार. फोटोडायोड आहे. एकच विचारतो: कॅलिब्रेशनसाठी तांब्याच्या ठोकळ्यात पीटी100 (रोधावरून तापमान सांगणारा प्लॅटिनमचा संवेदक) आणि त्यालाच चिकटवलेला ठिपका, असं करून ठोकळा हळूहळू तापू दिला तर चालेल ना?

प्रतिसाद

चालेल, तेच करा. 77 केल्विनला पीटी100 चा रोध साधारण 20 ओहम यायला हवा, तो आधी तपासा. खिडक्या उघड्या ठेवा. बंद खोलीत नायट्रोजन ऑक्सिजनची जागा घेतो आणि वासही येत नाही.