मदत हवी आहे: वीगन रेज्ड पायची भिंत खचतेय

रविवारी संभाजीनगरहून म्हैसमाळला डबा घेऊन जायचंय. नणंदबाई दूध-तूप काहीच खात नाहीत, म्हणून इंग्लंडकडचा उभ्या भिंतीचा ‘पाय’ (pie, म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) वीगन, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीही न घालता, करतेय. मूळ कृतीत डुकराची चरबी पाण्यात उकळून त्यात मैदा मळतात; मी ३०० ग्रॅम मैद्याला १०० ग्रॅम डालडा घेतला. गोळा कोमट असतानाच बरणीभोवती पारी चढवली, तर बरणी काढताच एक बाजू खाली बसली! सारण बटाटा, मशरूम नि दाण्याच्या कुटाचं, त्यात आमचा काळा मसाला. वास इतका सुटला की मुलं ओट्यापासून हलेनात. पण भाजल्यावर तळ ओलाच राहिला. पारी फ्रिजमध्ये गार करून मग बरणी काढायची का? आणि भाजल्यावर सारण नि पारीमधल्या फटीत ओततात त्या जेलीला जिलेटिनऐवजी चायना ग्रास घालणार आहे, वाटीभर पाण्याला किती घेऊ? उन्हातून जायचंय, वितळता कामा नये. कुणी केलं असेल तर शनिवारच्या आत नक्की सांगा.