खोट्या भाषा बनवून खरं पोट भरतं का?

कृष्णाकाठ (सांगली)
भाची बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा जेवताना तिनं जाहीर केलं की पुण्याला डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचं एम.ए. करणार आणि पुढं सिनेमा-मालिकांसाठी नव्या भाषा बनवणार. ताईला आधी वाटलं, डबिंगबद्दल बोलतेय. मग पोरीनं मोबाइलवर 'गेम ऑफ थ्रोन्स'मधला डोथ्राकी भाषेतला प्रसंग लावून दाखवला. ताई म्हणाली, "असलं तर आमचा बारका पण बोलतो."

मी दोन रात्री बसून वाचलं. मत पक्कं झालं: हा छंद आहे, करिअर नव्हे. दाखले तिनंच सांगितलेल्या नावांचे देतो. 'स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगॉन या परग्रहवासीयांसाठी क्लिंगॉन भाषा करणारे मार्क ओक्रंड नोकरी करायचे ती टीव्हीवर सबटायटल देणाऱ्या संस्थेत. 'अवतार'मधली नावी भाषा पॉल फ्रॉमर यांची. ते बिझनेस स्कूलमध्ये शिकवायचे. आपल्याकडं 'बाहुबली'त (२०१५) कालकेयांची किलिकी मदन कार्की यांनी केली. ते तमिळ गीतकार, आणि पीएच.डी. कॉम्प्युटरमधली. तिघांचीही चूल दुसऱ्याच लाकडावर पेटली. बोला.

माणदेशी_पाव्हणा
दादा, तुमचं गणित बरोबर हाय, पण खोटी भाषा म्हणून नाक मुरडू नका. खरसुंडीच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, शेजारी उभ्या माणसाला आकडा कळत न्हाई. ती बी कुणीतरी बनवलेलीच भाषा, आन तिच्यावर दलालांच्या पिढ्या जगल्या. शाळेत आपण च-ची भाषा बोलायचो का न्हाई? पयलं अक्षर उचलायचं, शेवटाला टाकायचं, पुढं च लावायचा. 'शाळेत'चं 'चळेतशा'. मास्तरांच्या म्होरं त्यांनाच शिव्या घातल्यात आमी त्या भाषेत.

पडद्यामागचा_वाईकर
मी वाई-मेणवलीच्या शूटिंगना माणसं-सामान पुरवण्याचं काम करतो, म्हणून तोंड उघडतो. एका मालिकेत जंगलातल्या टोळीचा सीन होता. लेखकानं कागदावर लिहिलं होतं, "टोळीवाले आपल्या भाषेत ओरडतात." कुठली भाषा? दिग्दर्शक म्हणाला, "काहीतरी हुंबा हुंबा करा रे." आमच्या गावातल्या आठ पोरांनी केलं. दिवसाची हजेरी आणि वडापाव. भाषेचं बजेट एवढंच.

इकडं पैसा कशात आहे सांगू? मुंबईहून आलेल्या हिरोला साताऱ्याची बोली शिकवणाऱ्यात. 'आलास का'चं 'आलायस व्हय' करून घेणं, तेही सूर न घालवता, फार अवघड काम आहे. तुमच्या भाचीला ते शिकू द्या. हॉलिवूड वाईला येणार नाही, आणि आलं तरी भाषा घरून बांधूनच आणेल. शिवाय आता एआय फुकटात हुंबा हुंबा करून देतं.

ध्वनिवेडी_कराड
वाईकर, हुंबा हुंबा आणि भाषा यातला फरक कानाला कळतो म्हणून तर हा धंदा उभा राहिला. 'स्टार ट्रेक'च्या १९८४ च्या सिनेमात क्लिंगॉन टोळीवाल्यांना पूर्ण भाषा हवी होती. ओक्रंडनी काय केलं बघा. आपल्या ट-ठ-ड-ढ मधला मूर्धन्य (जीभ मागं वळवून टाळूला लावून म्हणायचा) ड घेतला, पण त्याच्या जोडीचा ट मुद्दाम वगळला. आपल्याकडची बाराखडी घोकलेल्या पोरालाही हे वाकडं वाटेल. जिथं ड तिथं ट असणारच, हा माणसांच्या भाषांचा कल. परग्रहावरची भाषा परकी वाटायला हवी म्हणून तो कल मोडला. वाक्यरचनाही तशीच: आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. जगात ही मांडणी फार दुर्मिळ. (आमची आज्जी मात्र रोज म्हणायची, "भाकरी खाल्ली म्या." ती ठसक्यासाठी, क्लिंगॉनमध्ये तोच नियम.)

हे एका रात्रीत सुचत नाही. ओक्रंड यांचा १९७७ चा प्रबंध मुत्सुन या कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेच्या व्याकरणावर होता. ती भाषा येणारी शेवटची बाई १९३० मध्येच गेली. तिच्याकडून टिपून ठेवलेल्या कागदांवरून या माणसानं व्याकरण उभं केलं. आधी मेलेली भाषा जोडायला शिकला, मग न जन्मलेली बनवली.

आणि कृष्णाकाठ, तुमच्या यादीत डेव्हिड पीटरसन का नाहीत? डोथ्राकी त्यांचीच. स्पर्धेतून निवड झाली, हातात मालिकेच्या मूळ कादंबरीतले मोजके शब्द आणि नावं. आता हाच त्यांचा व्यवसाय आहे.

कृष्णाकाठ
पीटरसन मुद्दाम वगळले, कबूल. पण एकाच्या जोरावर पोरीला कसं सोडू? क्रिकेट शिकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं आपण सचिन.

दुसरं, मालकीचं काय? क्लिंगॉन वापरून चाहत्यांनी सिनेमा काढायला घेतला तर स्टुडिओनं कोर्टात भाषेवरही हक्क सांगितला. २०१६ मध्ये भाषा बनवणाऱ्यांची संस्था त्याविरुद्ध म्हणणं मांडायला गेली, आणि २०१७ मध्ये तडजोड होऊन प्रश्न लटकलेलाच राहिला. म्हणजे माणूस क्रियापदं घडवणार आणि सातबारा कंपनीच्या नावावर.

पडद्यामागचा_वाईकर
सातबारा! हे आवडलं. आमच्याकडं संवादलेखकाचंच नाव पाटीवर यायला मारामार, भाषाकाराचं कोण विचारतंय.

ध्वनिवेडी_कराड
किलिकीचं उदाहरण तुम्हीच दिलंत, मग नीट द्या की. साडेसातशेच्या आसपास शब्द आणि चाळीस नियम. 'मिन' म्हणजे मी, उलटा केला की 'निम', तू. आपली च-ची भाषा याची चुलतबहीण. एवढं काम तेलुगू सिनेमात झालं, तर मराठीत कधीच होणार नाही असं कशावरून?

आणि एम.ए. करून तिला फक्त डोथ्राकीच येणार आहे का? कैकाडी भाषा सांगली-साताऱ्यात ऐकू येते, तमिळच्या कुळातली. नव्या पोरांना ती येते का बघा जरा. ध्वनी टिपणं, व्याकरण लिहिणं ही हत्यारं दोन्हीकडं एकच.

माणदेशी_पाव्हणा
मग कैकाडीच कर की बाई! घरातली भाषा मरायला टेकल्याय आन तुमाला परग्रहाचं पडलंय. माझा पाठिंबा हितं संपला.

ध्वनिवेडी_कराड
पाव्हणं, कैकाडीसाठी पगार देणारा दाखवा, उद्या फॉर्म भरते. क्लिंगॉनला निदान स्टुडिओनं पैसे मोजले. दोष पोरीचा नाही.

माणदेशी_पाव्हणा
...हे मात्र खरं हाय.

कृष्णाकाठ
भाचीला हा धागा वाचायला दिला. ती म्हणते, ड-ट ची गोष्ट तिला माहीत होती, मुत्सुनची नव्हती. रात्री उशिरापर्यंत तेच वाचत बसली. प्रवेशाचा फॉर्म भरायला मी पैसे दिलेत, वाईकरांच्या बोलीच्या कामासाठी सुट्टीत पाठवीन या अटीवर. वाईकर, मेसेज करतो. तिनं अट मान्य केली.

ताईला मात्र कुणीतरी समजवा. तिनं फक्त एवढंच लिहायला सांगितलंय: चलाम चजूनअ चटलंप चहीना.