आधी गुणगुणा, मग फुंका
गाण्याची पट्टी कानानं कशी ओळखायची, यावर एक सल्ला असा असतो की बँडनं गाणं सुरू केलं की सॅक्सवर (सॅक्सोफोनवर) एकेक सूर वाजवत ती शोधायची. सापडते, पण तोवर सगळ्यांना तुमची चाचपणी ऐकू जाते!

मी सुरुवातीला फुंकतच नाही. बेस गिटारकडे कान लावतो. ओळ संपताना गाणं जिथे 'घरी' येऊन टेकतं, तो सूर तोंडातल्या तोंडात धरून ठेवायचा आणि मग तोच सॅक्सवर अगदी हळू शोधायचा. अर्ध्या सुरानं चुकलात तर लगेच खुपतं, सरका वर किंवा खाली. खरी फसगत पाचव्या सुरावर होते, कारण तो सगळीकडे गोड लागतो आणि आपण त्यालाच सा समजून बसतो. मायनर (उदास छटेच्या पट्टीतल्या) गाण्यात तर तिसरा सूरही असाच चकवतो. म्हणून शेवटच्या कॉर्डपर्यंत (एकत्र वाजणाऱ्या सुरांपर्यंत) थांबा.

सॅक्सवर त्याच सुराचं नाव गिटारपेक्षा वेगळं असतं: गिटारवाल्यानं "ई" म्हटलं तर ऑल्टोवर (लहान सॅक्सवर) तो सी शार्प (म्हणजे सीच्या अर्धा सूर वर), टेनरवर (त्याहून मोठ्या सॅक्सवर) एफ शार्प. ऑल्टोवर सगळी बोटं उचलली की जो मधला सी शार्प येतो, तो म्हणजे गिटारची मोकळी पहिली तार. माझा खुंटा तोच, बाकीचं तिथून मोजतो. गिटारवाल्यांना ई आणि ए फार प्रिय, त्यामुळे आपल्या वाट्याला शार्पांचा ढीग येतो. बारा पट्ट्यांचा रियाज टाळून चालत नाही तो यासाठी. (मी वर्षभर टाळला होता, ते असो.)