सतरा अंकांचा नियम किलर सुडोकूला लागू नाही

सतरापेक्षा कमी अंक दिले तर सुडोकू सुटत नाही, असं म्हणतात. साध्या सुडोकूपुरतं ते बरोबर, म्हणजे उत्तर एकमेव राहत नाही. डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅकग्वायर यांच्या चमूने २०१२ मध्ये संगणकावर तपासून तेच दाखवलं. पण नियम वाढले की हा हिशोब कोलमडतो. २०२० च्या 'मिरॅकल सुडोकू'त फक्त दोन अंक दिले होते! बुद्धिबळातल्या राजाच्या किंवा घोड्याच्या चालीवर तोच अंक नको, आणि वर-खाली-आजूबाजूच्या घरांत लागोपाठचे अंक नकोत; एवढ्यावर सगळं जाळं भरतं.

किलर सुडोकूत घरांचे गट, म्हणजे पिंजरे, आखलेले असतात आणि प्रत्येक पिंजऱ्याची बेरीज दिलेली असते; तिथे तर एकही अंक न देता चालतं. मागच्या मे महिन्यात, नागपूरच्या भर दुपारी, कूलरसमोर कागदावर पेपरवेट ठेवून एका किलरशी दीड तास झटापट केली. एका पेटीत (३×३ घरांच्या चौकोनात) तीन घरांच्या पिंजऱ्याची बेरीज २४, म्हणजे ७, ८, ९, हे लगेच दिसलं. त्याच पेटीत दोन घरांचे ५ आणि तीन घरांचे ११. नववं घर शेजारच्या पेटीत घुसलेल्या पिंजऱ्याचं, म्हणून मी तिकडे पाहिलंच नाही. आईनं चहा ठेवता ठेवता विचारलं, "पेटीची बेरीज पंचेचाळीसच ना रे?" चाळीस वजा केले, ५ उरले. तोवर पेनानं (हो, पेनानंच) तिथे ४ लिहून बसलो होतो.