काजूच्या बागेत रान माजलंय: ब्रश कटर कोणता, पातं कोणतं?

प्रश्न

राजापूर तालुक्यात आमची अडीच एकर काजूची बाग आहे. वडील गेल्यापासून तीन पावसाळे बेणणी (रान साफ करणं) झालेली नाही. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने घाणेरी आणि करवंदीची जाळी, मध्ये कमरेएवढं गवत आणि रानमोडीचं तण, जुन्या ऐन-किंजळाच्या खुंटांना मनगटाएवढे फुटवे. जमीन कातळाची, गवतात जांभ्याचे दगड. गडी मिळत नाहीत, मी मुंबईहून महिन्यातून दोनदा येतो. दुकानदार ५२ सीसीचा टू-स्ट्रोक ब्रश कटर (रान कापायचं यंत्र) देतोय, सोबत नायलॉन दोरीचं हेड, तीन पात्यांचं ब्लेड आणि ८० दातांचं चक्र. चुलतभाऊ होंडाचा फोर-स्ट्रोक घे म्हणतो. फेब्रुवारीत बिया पडायच्या आत झाडांखाली स्वच्छ हवं, वणव्याचीही धास्ती आहे. काय घेऊ?

उत्तर १

मी नऊ वर्षं बागा साफ करायची कामं घेतो. सीसी नंतर बघा, आधी पातं ठरवा. तुमच्या रानाला एका पात्याने भागणार नाही.

गवत आणि कोवळ्या रानमोडीला तीन पात्यांचं ब्लेड. जिथे दगड दिसतात तिथे दोरी लावा. दगडाला आपटली तर दोरीच तुटते, मात्र खडे तिनेही उडतात. टंगस्टनच्या टिकल्यांचं चक्र मनगटाएवढ्या फुटव्यांवर सुरेख चालतं, पण जांभ्याला लागलं की टिकली निखळून गोळीसारखी सुटते. म्हणून आधी कोयत्याने बुंध्याभोवतीचं गवत काढा, दगड बाजूला करा, मगच चक्र लावा. त्याला गार्डही वेगळं लागतं. साखळीच्या कड्यांचं हेड कोणी दिलं तर घेऊ नका. युरोपीय संघाने २०१२ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी आणली.

पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. लाकूड डाव्या बाजूने कापा. पुढची उजवी बाजू खोडाला टेकली की यंत्र उसळी मारतं. दगडही उडतात: माझ्या जोडीदाराच्या नडगीला पात्याने उडवलेला दगड बसला, दीड महिना घरी होता. तेव्हापासून मी १५ मीटरच्या आत कोणाला उभं राहू देत नाही.

काजूच्या बुंध्याला दोरी लावूच नका. साल सोलली की झाड खंगतं, आणि रोठ्याचा (खोड पोखरणाऱ्या अळीचा) त्रास आधीच कमी नाही. बुंध्याभोवतीचा हातभर घेर कोयत्याने करा.

यंत्र? तुमच्या रानात गवतच जास्त, तेव्हा होंडाचं ३५.८ सीसीचं जीएक्स३५ पुरेल. फोर-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये तेल मिसळायची कटकट नाही. दोन खांद्यांचा पट्टा मात्र नक्की घ्या.

उत्तर २

माझ्याकडे टू-स्ट्रोक आहे, म्हणून एवढंच सांगते. तेलाचं प्रमाण पुस्तिकेत बघा: २५:१ असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २०. तुम्ही पंधरा दिवसांनी येणार, तर जाताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. इथेनॉलचं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये राहिलं की पुढच्या खेपेला स्टार्टरची दोरी ओढून हात दुखतात.

पात्याचा नट उलट्या आट्यांचा असतो, उजवीकडे फिरवला की सुटतो. मी पहिल्याच दिवशी उलटा जोर लावून तो खराब केला.

उत्तर १

एक राहिलं. रानमोडी नोव्हेंबरपासून फुलायला लागते, मग वाऱ्याने बी सगळीकडे जातं. ती ऑक्टोबरातच मारा. घाणेरी नुसती कापली तर खुंटाला दुप्पट फुटते. पाऊस संपल्यावर माती मऊ असते तेव्हाच कुदळीने मूळ काढा. आणि कापलेलं गडग्याला ढीग घालून ठेवू नका, वणवा तिथूनच आत येतो.

प्रश्नकर्ता

होंडा घेतो, दोरी आणि तीन पाती. चक्र सध्या नको, फुटवे कोयत्याने तोडतो. येत्या शनिवारी गडग्याकडून सुरुवात, आधी दगड वेचून.