एक शाळा मनपा हद्दीत, दुसरी मोहोळ तालुक्यात: मुलींच्या खो-खोचं नियोजन कसं बसवावं?

मोहोळ_रोड
नमस्कार मंडळी. यंदा दोन शाळांचे १७ वर्षांखालील मुलींचे खो-खो संघ मानधनावर शिकवायला घेतलेत. एक शाळा सोलापुरात, हद्दवाढ भागात. दुसरी मोहोळ तालुक्यात, शहरापासून तीसेक किलोमीटर. दोन्ही अनुदानित.

शहरात १४ मुली आहेत, पण अर्ध्या मैदानावर पेव्हर ब्लॉक आणि उरलेलं मुरमाचं. गावाकडे मैदान ऐसपैस, पण काळी माती, आणि लोखंडी खांब हलतोय.

अडचणी अशा:
शहरातल्या शाळेच्या कागदांवर तालुका 'उत्तर सोलापूर' लिहिलाय. मग नाव तालुका स्पर्धेला द्यायचं की मनपाच्या?
दोन्ही संघांना एकच सरावाचा तक्ता चालेल का?
खांबावरचा सूर (खांब धरून पुढं झेप घेणं) कधी आणि कसा सुरू करावा? शहरातल्या मुलींनी आजवर फक्त चेन (बसलेल्या मुलींमधून नागमोडी पळत बचाव) खेळलीय.
मैदानाला कमीत कमी खर्चात काय करता येईल?

कुमठा_नाका
सर, आधी पत्त्याचं मिटवा. ते चुकलं तर पुढचं सगळं वाया.

महसुली तालुका काहीही असो, शाळा महापालिकेच्या हद्दीत असेल तर ती मनपा क्षेत्राच्या स्पर्धेत खेळते. १९९२च्या हद्दवाढीत आजूबाजूची गावं शहरात आली, पण कागदोपत्री 'उत्तर सोलापूर' तसंच राहिलं, म्हणून हा घोळ दरवर्षी होतो. ऑनलाइन नोंदणी करताना क्षेत्र 'मनपा' निवडलंय ना, हे मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधून स्वतः पाहा. क्लार्कवर सोडू नका.

आता वाट बघा कशी वेगळी होते. मोहोळचा संघ तालुका, मग जिल्हा, मग पुणे विभाग असा चढतो. शहरातला संघ मनपा स्पर्धा जिंकला की थेट विभागाला जातो, कारण मनपा स्पर्धेचा दर्जाच जिल्हास्तराचा. ऐकायला सोपं वाटतं आणि तिथंच गळा अडकतो. सामने बाद पद्धतीचे. दोन-तीन सोपे सामने जिंकून मुली विभागाला जातात आणि पुण्याच्या संघासमोर पहिल्याच पाळीत गोंधळतात, कारण तोवर त्यांना कुणी पळवलेलंच नसतं. उलट मोहोळच्या मुलींना जिल्ह्यालाच माळशिरस तालुक्याचा संघ भेटणार. वेळापूर पट्ट्यातला खो-खो काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. म्हणजे तालुक्याच्या संघाची खरी परीक्षा जिल्ह्याला आणि मनपा संघाची विभागाला. शहरातल्या संघाला स्पर्धेआधी किमान सहा सराव सामने बाहेरच्या संघांशी द्या, त्यातले निम्मे हरले तरी चालतील असे निवडा.

कागद जुलैमध्येच जमवा: जन्माचा दाखला, आधार, जनरल रजिस्टरचा उतारा, मागच्या वर्षीची गुणपत्रिका, फोटोवर अर्धा शिक्का येईल अशी सही. हरकत बहुतेक वेळा वयावर नाही, विसंगतीवर निघते. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांचं स्पेलिंग आधारवर एक आणि रजिस्टरला दुसरं, हे नेहमीचं. जन्मतारीख आणि नाव प्रत्येक कागदावर अक्षरशः एकच पाहिजे. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून आत्ताच तपासा.

आणि हो, तुमचे दोन्ही संघ विभागाला पोचले तर समोरासमोर येऊ शकतात. त्या दिवशी कुणाच्या बाकावर बसणार, ते दोन्ही मुख्याध्यापकांना आजच सांगून ठेवा. नंतर सांगितलं की भांडण.

शेंगाचटणी
वयाचं एवढं जोडतो. गट ३१ डिसेंबरला धरतात. उदाहरणार्थ २०२५-२६ला १७ खालील गटासाठी जन्म १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतरचा लागतो. 'दहावीत आहे म्हणजे बसते' असं धरून चालू नका. उशिरा शाळेत घातलेल्या मुली दहावीत असूनही १९च्या गटात जातात. १४ मुलींतून अशा दोन निघाल्या तर तुमचा संघ १२वर येतो, हे जूनमध्ये कळलेलं बरं.

फक्की_आणि_दोरी
मैदानाबद्दल लिहितो.

पेव्हर ब्लॉकवर खो-खो नको, वॉर्मअपची पळापळही नको. तिथं अचानक थांबलं की सगळा धक्का गुडघ्याला आणि नडगीला बसतो. मुरमाचा भाग मोजा. पूर्ण मैदान २७ गुणिले १६ मीटर, भोवती दीड मीटर मोकळं, म्हणजे ३० गुणिले १९. तेवढं नसेल तर अर्धं आखा: खांबामागचं दीड मीटर, मग खांबापासून चार पाट्या (आडव्या पट्ट्या), एवढं साडेबारा मीटर लांबीत बसतं. खांबाचा खेळ, पहिल्या चार चौकोनांतले (मधली पट्टी आणि पाट्या छेदतात तिथले) खो आणि रिंग (बसलेल्या मुलींभोवती गोल पळून चकवणं) एवढं त्यात रोज घेता येतं. पूर्ण पाळीसाठी आठवड्यातून दोनदा दुसऱ्या शाळेचं मैदान मागा.

आखणीत बहुतेकांची एकच चूक होते. एक पाटी आखतात, तिथून टेप धरून दुसरी, तिथून तिसरी. प्रत्येक वेळी एखादा सेंटिमीटर सरकतो आणि शेवटच्या पाटीला खांब पाच-सात सेंटिमीटर चुकतो. तसं करू नका. दोन खांबांमध्ये बरोबर २४ मीटर ठेवा, टेपचं शून्य एका खांबावर अडकवा आणि टेप न उचलता खुणा करा: २.५५, २.९०, ५.२०, ५.५५, ७.८५, ८.२०, १०.५०, १०.८५, १३.१५, १३.५०, १५.८०, १६.१५, १८.४५, १८.८०, २१.१०, २१.४५. शेवटची खूण ते दुसरा खांब पुन्हा २.५५ आला की बरोबर. यात पाटीची रुंदी ३५ सेंटिमीटर आणि दोन पाट्यांमधली जागा २.३० मीटर धरलीय. खांबापासून खांबापर्यंतची मधली पट्टी ३० सेंटिमीटर रुंद. कोपरे काटकोनात आहेत का ते कर्णावरून पाहा: २७ बाय १६चा कर्ण ३१ मीटर ३८ सेंटिमीटर. दोन्ही कर्ण सारखे आले की दोरी उचला आणि फक्की मारा.

काळ्या मातीचं दुखणं वेगळं. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, त्यामुळंच तुमचा खांब हलतोय. ६० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, त्यात लोखंडी पाइपची बाही बसवा, भोवती खडी आणि मुरूम थराथरानं ठोकून भरा. काँक्रीट करायचं तर ते जमिनीच्या १० सेंटिमीटर खालीच थांबवा आणि वर माती घाला. काँक्रीटची कड उघडी राहिली तर सूर मारणाऱ्या मुलीच्या बरगड्या तिच्यावर आपटतात. खांब जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर, गुळगुळीत, कुठं खिळा किंवा वेल्डिंगचं टोक नको.

संपूर्ण मैदानावर १० सेंटिमीटर मुरूम टाकायचा तर हिशेब: ३० गुणिले १९ गुणिले ०.१०, म्हणजे ५७ घनमीटर, म्हणजे साधारण २० ब्रास. रोलरखाली बसतो म्हणून २५ धरा. आधी मोठे दगड वेचा, पाणी मारा, मग रोलर. एवढे पैसे नसतील तर मधेच पट्टा टाकून सोडू नका. काळी माती आणि मुरूम यांच्या सांध्यावरच पाय घसरतो. त्यापेक्षा मैदानाला एका बाजूला १६ मीटरमागे १५ सेंटिमीटर उतार द्या आणि कडेनं फूटभर खोल चर काढा. सोलापुरात पाऊस थोडा, पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, नेमका स्पर्धांच्या तोंडावर. चर नसेल तर एका सरीनंतर दोन-तीन दिवस मैदान गेलं.

पाटीवरची
तक्ता एकच नको. गावात आणि शहरात मुलींचा दिवसच वेगळा असतो.

गावाकडच्या मुली एसटीच्या पासवर येतात. अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट असला तरी गाडी एकच. शाळा सुटल्यावर सराव ठेवला की पावणेसहाची गाडी बघत अर्ध्या मुली साडेपाचलाच दप्तर उचलतात. तिथं सकाळी शाळेआधी ७० मिनिटं, आठवड्यातून चार दिवस ठेवा, आणि गाडी उशिरा आली तर उशिरा येणाऱ्या मुलींना शिक्षा नको. आषाढीच्या आठवड्यात एसटीच्या गाड्या पंढरपूरकडं वळतात, तो आठवडा तक्त्यातून आधीच वगळा.

शहरात सकाळ-दुपार सत्रं असतात, मैदान दुसऱ्या वर्गाच्या ताब्यात असतं. शिवाय पूर्व भागात घरी विड्यांचं काम असेल तर मुलगी संध्याकाळी सहाला घरी लागते. पालकांना वेळेचं पत्र द्या आणि ठरलेल्या मिनिटाला सोडा. दोनदा अर्धा तास उशीर झाला की मुलगी तिसऱ्या दिवशी येत नाही, आणि दोष तिचा नसतो.

आता सराव. शहरातल्या मुली फक्त चेन खेळल्यात म्हणताय, म्हणजे बचाव थोडा येतो, पण पाठलागाचा पाया कच्चा असणार. पाठीला हात लागण्याआधी उठणं, हात लावण्याआधी 'खो' म्हणणं, खो मिळाल्यावर दिशा बदलणं, या तीन चुका काढल्याशिवाय सुराकडे जाऊ नका. आठजणी बसवा, धावपटू नको. सलग २० खो बिनचूक, एक चूक झाली की पुन्हा एकपासून. पहिल्या आठवड्यात २० पूर्ण होत नाहीत, दहा झाले तरी पुरे.

बचावाला वही ठेवा. तिघींची प्रत्येक तुकडी मैदानात उतरली की स्टॉपवॉच, आणि जी बाद होते तिच्या नावापुढं वेळ. ९ मिनिटांच्या पाळीत पहिल्या तुकडीनं तीन मिनिटं काढली तर पाया बरा आहे. सगळ्यात भक्कम तिघींना एकत्र पहिल्या तुकडीत घालायचा मोह होतो. तसं केलं की त्या बाद झाल्यावर मागं काहीच उरत नाही. वहीतल्या वेळा पाहून एक चिवट मुलगी दुसऱ्या तुकडीत राखा.

सुरासाठी जुलैचा तिसरा आठवडा. लांब उडीच्या वाळूत शिकवू नका, वाळू पायाखालून सरकते आणि रेटा मिळत नाही. गावात तालीम असेल तर हौदाची माती उत्तम, वस्तादांना विचारून सकाळची वेळ घ्या.

सुरुवात गुडघ्यावर बसून पुढं पडण्यानं: तळहात पुढं सरकत जातील, मग छाती, मग पोट, हनुवटी वर.  मग चवड्यांवर बसून तेच, आणि इथून पुढं मांडीआधी गुडघा टेकला तर चुकलं. मग दोन पावलं धावून, खांबाशिवाय. चौथ्या पायरीला खांब: एका हाताची पकड कमरेच्या खाली, अंग खांबाच्या बाजूनं, दुसरा हात पुढं. पकड वर, खांद्याशी गेली की शरीर गोल फिरून खांबावरच येतं आणि खांदा ओढला जातो. मुलींना हे सांगून कळत नाही. खांबाला कमरेखाली रंगीत चिकटपट्टी गुंडाळा, आपोआप हात तिथं जातो. दिवसाला एकीला दहापेक्षा जास्त सूर नको, नाहीतर तिसऱ्या दिवशी कोपरं सोलून बसतात.

फक्की_आणि_दोरी
बाकी सगळं पटलं, फक्त बुटांचं राहिलं. गावाकडच्या मुली अनवाणी पळतात आणि छान पळतात. पण वरच्या पातळीवर मॅट असू शकते. मॅटवर अनवाणी पाय अडकतो आणि तळव्याची कातडी सोलते. ऑगस्टपासून आठवड्यातले दोन दिवस सपाट रबरी तळाचे बूट घालून पळवा.

पाटीवरची
मी अनवाणीवर ठाम नाही, पण नवे बूट स्पर्धेच्या आठवड्यात देऊ नका एवढंच म्हणेन. फोडासकट धावपटू मैदानात उतरवावी लागते.

मोहोळ_रोड
खूप उपयोग झाला. क्षेत्र खरंच 'तालुका' पडलं होतं, आज बदलून घेतलं. दोन शंका. शहरातल्या संघात तेलुगू, कन्नड, मराठी बोलणाऱ्या मुली आहेत, मैदानात एकमेकींना काय ओरडतात ते मलाच कळत नाही. आणि दोन्ही संघांचा एकमेकांशी सराव सामना ठेवू का?

कुमठा_नाका
सामना ठेवाच, पण मोहोळच्या मैदानावर. मनपा संघाला परक्या मातीची सवय हवी. मुलींसोबत दोन्ही शाळांच्या एकेक शिक्षिका, पालकांची संमतीपत्रं आणि मुख्याध्यापकांचं लेखी पत्र गाडीत बसण्याआधी हातात पाहिजे. एसटीनं जाताना परतीची गाडी आधी विचारून ठेवा.

पाटीवरची
हाकांसाठी चारच शब्द ठरवा, ते मुलींनाच निवडू द्या, भाषा कुठलीही असो: धावपटू डावीकडं गेली, उजवीकडं गेली, खांबाकडं गेली, आणि 'थांब, खो देऊ नकोस'. प्रत्येक शब्द दोन अक्षरांचा. 'खो'सारखा ऐकू येणारा एकही नको, नाहीतर चौकोनात बसलेली मुलगी त्या आवाजावर उठते आणि पंच शिट्टी मारतात.