मामींच्या हातात झाडू शोभत नाही, पत्रकात काय टाकू?

पत्रकवाली:
मामी पहिल्यांदाच स्थानिक निवडणुकीला उभ्या राहतायत आणि पत्रक माझ्या गळ्यात पडलंय. एक फोटो, दीडशे शब्द. काल फोटो काढायला जमलेल्यांनी त्यांच्या हातात झाडू दिला. मामींनी तो असा धरला, जणू कुणी साप धरायला दिलाय. १९ फोटो काढले, सगळ्यांत नजर झाडूवर. खरं तर आठ वर्षं त्या पाण्याच्या तक्रारींमागे लागल्यात. वही आहे त्यांची: तारीख, कुणाला भेटले, तो काय म्हणाला. पण बोलायला उभ्या राहिल्या की तक्ता वाचून दाखवतात. लोक म्हणतात, "बाई हुशार आहेत, पण लांबच्या वाटतात." आपलेपणा दाखवू की काम?

जुनी_फाइल:
झाडू आधी परत करा. १९८८ साली अमेरिकेत डुकाकिस अध्यक्षपदाला उभे होते. संरक्षणाच्या बाबतीत खंबीर दिसावेत म्हणून त्यांना भलंमोठं हेल्मेट घालून रणगाड्यात बसवलं. लोक हसले, आणि तेच चित्रण विरोधकांनी स्वतःच्या जाहिरातीत वापरलं. गंमत म्हणजे हा माणूस खरोखर सैन्यात होता, कोरियात राहून आलेला. खरा सैनिक, पण सोंग वाटला.

काठावरचा:
खऱ्याखोट्याचं एवढं मनावर घेऊ नका. १८४० मध्ये हॅरिसन 'लाकडी झोपडीतला माणूस' म्हणून अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आले. जन्म व्हर्जिनियातल्या मळ्यावरच्या मोठ्या घरातला! विरोधकांनी झोपडीवरून टोमणा मारला, यांनी तोच झेंडा केला. आणि २००९ चा एक अभ्यास आहे: लहान मुलांना फ्रान्समधल्या उमेदवारांचे जोडीजोडीने फोटो दाखवून विचारलं, तुमच्या जहाजाचा कप्तान कोण? सुमारे ७० टक्के वेळा मुलांनी जिंकलेल्यालाच निवडलं. आता लिहा दीडशे शब्द.

माइकवाला:
काठावरचा, चेहरा बदलता येत नाही, तेव्हा तो विषय सोडू. मी २० वर्षं सभांना माइक लावतोय. एक साहेब पायरी चढण्याआधी बाह्या दुमडायचे, आणि त्या घडीला इस्त्री असायची. पहिल्या रांगेला दिसायचंच ते.

माझं लक्ष मात्र खुर्च्यांच्या आवाजाकडे असतं. "इतक्या कोटींचा निधी आणला" म्हटलं की खुर्च्या करकरायला लागतात. "मागच्या गल्लीत पाणी पहाटे तीनला यायचं, आता सहाला येतं" म्हटलं की गप्प. आकडा दोन्हीकडे आहे, पण दुसरा माणसाच्या झोपेचा आहे.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ मार्च १९३३ ला रेडिओवर आले तेव्हा बँका बंद होत्या. त्यांनी काय सांगितलं? तुम्ही ठेवलेला पैसा बँक तिजोरीत नुसता ठेवत नाही, गुंतवते, म्हणून सगळे एकदम मागायला आले की अडतं. एवढं साधं. बँका उघडल्या तेव्हा लोक पैसे परत भरायला आले. आपलेपणा आणि काम असे दोन कप्पे तिथे नव्हतेच. तुम्ही वहीतली एकच तक्रार घ्या आणि पहिल्या खेपेपासून नळाला पाणी येईपर्यंत सांगा. बाकीची आठ वर्षं राहू द्या.

जुनी_फाइल:
आणि सभेत प्रश्न आला की मामींना वही मिटायला सांगा. १९९२ च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या वादसभेत थोरले बुश प्रश्न चालू असताना घड्याळ बघताना टिपले गेले. क्लिंटन त्याच प्रश्नाला विचारणाऱ्या बाईंकडे चालत गेले आणि आधी त्यांनाच विचारलं, तुमच्यावर काय परिणाम झालाय? उत्तर नंतर.

पत्रकवाली:
झालं! मामी नळाजवळ उभ्या राहून वहीत लिहितायत, असा फोटो घेतला. त्यांना कळलंच नाही, त्या नळ गळतोय म्हणून चिडल्या होत्या. मजकुरात मागच्या गल्लीची गोष्ट टाकली, "११ खेपा घातल्या, तेव्हा व्हॉल्व्ह बदलला" अशी. मामींनी चष्मा लावून वाचलं, वही काढली, पान उलटलं आणि एकच दुरुस्ती केली: ११ नाही, १२. एकदा साहेब जेवायला गेले होते, ती खेप मी धरली नव्हती.